जमुनाबाईनं अंगठा परत घेतला

हर्राटोल्यातली जुनी माणसं जमुनाबाई टेंभरेचं नाव घेताना अजूनही आवाज थोडा वर चढवतात. ती काही पाटलीण नव्हती, शाळेतही गेलेली नव्हती. आमगावापासून तीन कोसांवरच्या या लहानशा गावात तिच्या नऊ बांध्या होत्या. धानाच्या शेताच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. या नऊ बांध्या तिच्या बापानं, उदाराम बिसेननं, एकुलत्या एका लेकीच्या नावानं करून दिल्या होत्या. नवरा चैतराम घरजावई म्हणून आला होता. स्वभावानं गरीब आणि कामाला वाघ. एक्कावन्न साली तो तापानं गेला. एकच मुलगी, प्रेमिला, तिचं लग्न गोंदियाच्या खेमराजशी झालेलं. त्यानंतर जमुनाबाई एकटीच शेती पाहायची. रोवणीला बाया कुठल्या बोलवायच्या, बोडीचं, म्हणजे शेताच्या वरच्या लहान तळ्याचं, पाणी कधी सोडायचं, बी कोणतं ठेवायचं, हे सगळं तिचं ती ठरवायची.

पंचावन्न सालच्या श्रावणात ती दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून घसरली. पाणी अडवायला गेली होती. पाय मुरगळला असेल असं वाटलं, पण हाड मोडलं होतं. गावच्या माणसानं बांबूच्या कामट्या बांधल्या, ते बरोबर बसलं नाही. मग गोंदियाच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून लेकीच्या घरी. चार महिने ती खाटेवर होती. नेमकी त्याच वर्षी बोडीच्या पाण्यावरून तहसिलीत तक्रार चालू होती. तारखा पडत होत्या आणि प्रत्येक वेळी ‘जमीनवाली कुठं आहे’ असं विचारलं जायचं.

जावई खेमराज गोंदियाच्या बाजारात धानाच्या खरेदी-विक्रीचं काम करायचा. हुशार, चपळ, बोलण्यात गोड. सासूला तो मामीजी म्हणायचा. त्यानंच सुचवलं, “मामीजी, तुम्ही एक मुखत्यारपत्र करून द्या. मग तुमच्या नावानं मीच सगळीकडे उभा राहतो. तुम्हाला हलायला नको.”

जमुनाबाईला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तिला टांग्यात घालून रजिस्ट्रीच्या कचेरीपुढे नेलं. पाय लांब करून ती टांग्यातच बसून राहिली. बाबू वही घेऊन बाहेर आला, म्हणाला, “समजलं ना बाई काय लिहिलंय?” ती म्हणाली, “व्हय.” कागद कोणी वाचून दाखवला नाही आणि तिनंही विचारलं नाही. कागदावर अंगठा दिला, वहीत अंगठा दिला आणि टांगा परत फिरला.

खेमराजनं पहिलं वर्ष काम चोख केलं, हे सांगायलाच हवं. तक्रारीचा निकाल त्यानं तिच्या बाजूनं लावून आणला. पुढे जमुनाबाईचा पाय सुधारला, थोडी लंगडत का होईना ती गावी परतली आणि पुन्हा शेतात उतरली. पण कागद तसाच राहिला. पटवारी आता तिच्याशी बोलायचा नाही, “जावयाला विचारतो,” म्हणायचा. दोन बांध्या कोणाला अर्धेलीनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, लावून दिल्या, तेही तो कसणारा नांगर घेऊन आला तेव्हा तिला कळलं. तिनं मनात म्हटलं, पोरीचा नवरा आहे, चांगल्यासाठीच करत असेल.

अठ्ठावन्न सालचा माघ होता. धान निघून गेलं होतं आणि ओल्या जमिनीत टाकलेलं लाखोळीचं कडधान्य वीतभर आलं होतं. जमुनाबाई ‘लांबी’ नावाच्या बांधीत लाखोळीची भाजी खुडत होती. शेजारची रुख्मा तिच्यासोबत होती. रुख्मा गोंडाची, वयानं तिच्याएवढीच. वीस वर्षं दोघींनी एका ओळीत रोवणी केलेली. तेवढ्यात तीन माणसं धुऱ्यावरून आली. एकाच्या हातात मोजणीची साखळी होती, एकानं बगलेत कागद धरला होता. त्यांनी साखळी सरळ लाखोळीवर टाकली.

जमुनाबाई ओटी सांभाळत उभी राहिली. “काय करून राहिले जी?”

“मोजून राहिलो. इथं धानाची मिल होणार आहे. मुन्नालाल सेठनं जागा घेतली.”

“कोनाची जागा?”

कागदवाल्यानं कागद पाहिला. “जमुनाबाई टेंभरे.”

“जमुनाबाईनं देली का?”

“ती बाई म्हातारी आहे, गोंदियाला राहते वाटतं. तिच्या मुखत्यारानं सौदा केला. परवा रजिस्ट्री आहे.”

रुख्मानं तोंडावर पदर धरला. जमुनाबाई त्या वेळी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची होती. ती दोन पावलं पुढे गेली आणि साखळीवर पाय ठेवला.

“मी आहो जमुनाबाई,” ती म्हणाली. “म्हातारी नाई झाली अजून. साखळी उचला.”

माणसं वरमली. त्यांचाही काही दोष नव्हता, पाठवलं म्हणून ती आली होती. साखळी गोळा करून ती निघून गेली. जमुनाबाईनं ओटीतली भाजी रुख्माच्या ओटीत टाकली आणि सरळ शाळामास्तरांकडे गेली. खेमराजनं कधीकाळी दिलेली मुखत्यारपत्राची नक्कल तिच्या पेटीत होती. ती तिनं मास्तरांपुढे ठेवली. अडीच वर्षांनी तो कागद तिनं पहिल्यांदा ऐकला. जमीन लावणे, विकणे, गहाण देणे, तिच्या नावानं सही करणे, ‘त्यांनी केलेले सर्व काम मी स्वतः केल्याप्रमाणे मला मान्य राहील.’ मास्तर वाचत गेले तशी ती मान खाली घालून ऐकत राहिली.

“हे मी देलं?” तिनं विचारलं.

“अंगठा तुमचाच आहे.”

“मंग वापस घेता येते का?”

मास्तर विचार करून म्हणाले, “ज्यानं दिलं तो परत घेऊ शकतो. पण त्याचाही कागदच करावा लागतो. गोंदियाला जावं लागेल, तेही उद्याच.”

दुसऱ्या दिवशी ती आणि रुख्मा, दोघी पहाटे आमगावला चालत गेल्या. पाय दुखत होता, पण जमुनाबाईनं बंडी जुंपू दिली नाही. बंडीच्या चाकांच्या आवाजानं गावभर झालं असतं, आणि तिला सध्या कोणाचा सल्ला नको होता. दरेकसाकडून येणारी सकाळची गाडी पकडून त्या नऊच्या सुमारास गोंदियाला उतरल्या आणि रजिस्ट्रीच्या कचेरीपाशी पोचल्या.

कचेरीच्या आवारात अर्जनवीस दुलीचंद आपली पेटी मांडून बसला होता. लोकांचे अर्ज आणि दस्त लिहून द्यायचा त्याचा धंदा. त्यानं नक्कल वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“बाई, दामाद को मुखत्यार बनाया और अब काट रही हो? घर का मामला है. एकदा बसून बोलून घ्या ना.”

“बोलाचं ते बोलीनच. आधी कागद लिहा.”

“लडकी का घर है. सोच लो.”

“रातभर इचारच केला जी. तुमी लिहा.”

दुलीचंदनं कागद काढला. जमिनीचं वर्णन पाहिजे, म्हणाला, नकलेत तर फक्त नंबर आहेत. मौज्यात नंबरांचा घोळ असतो, चतुःसीमा लिहिलेली बरी. पटवाऱ्याकडून उतारा आणावा लागेल. म्हणजे एक दिवस गेला.

“मी सांगतो तसं लिहा,” जमुनाबाई म्हणाली आणि त्याच्यापुढे उकिडवी बसली.

“पहिली बोडीखालची. पूर्वेले बोडीची पाळ, पश्चिमेले लांबी, दक्षिनेले सरकारी वाट. माती काळी, पानी दिवाळीपावेतो हटत नाई. तिच्यात चिन्नोर धान लावतो. दुसरी लांबी. तिसरी आंबेवाली, आंबा पडला पन नाव राह्यलं. तिच्या उत्तरेले नंदलाल पटल्याची बांधी, मधात सामाईक धुरा...”

ती बोलत गेली. नऊच्या नऊ बांध्या, प्रत्येकीच्या चारी बाजू, कोणत्या धुऱ्यावर मोहाचं झाड आणि कोणत्या धुऱ्यावर ऐनाचं, पाणी कोणत्या कोपऱ्यातून शिरतं आणि कुठून उतरतं. एकदाही अडखळली नाही. शेजारच्या पेटीवरचा दुसरा अर्जनवीस लिहायचा थांबला. दोन पक्षकार वळून पाहू लागले. दुलीचंदचा टाक मागे पडत होता, तो “रुको बाई, रुको,” म्हणत होता, आणि ती तो पोचेपर्यंत थांबून पुढची बांधी सांगत होती.

लिहून झाल्यावर ती म्हणाली, “आता वाचा.”

“बरोबर लिहिलंय मी.”

“मागच्या बारीले कोनी वाचलं नाई, मी इचारलं नाई. आता वाचा.”

दुलीचंद वाचू लागला. सुरुवातीलाच होतं : ‘मी अशिक्षित, वृद्ध व अजाण बाई असून माझ्याकडून चुकीने...’

“थांबा जी. हे कोनी सांगतलं?”

“असं लिहायची रीत आहे. साहेबाला दया येते.”

“दया कायले पाह्यजे? मी अजान नाई. चूकही नाई झाली. पाय मोडला होता म्हनून देलं, आता पाय बरा आहे म्हनून वापस घेऊन राहिली. तेवढंच लिहा.”

दुलीचंदनं तिच्याकडे पाहिलं, ओळ खोडायच्या ऐवजी कागद बाजूला ठेवला आणि नवा कोरा घेतला.

अकरा वाजता सब-रजिस्ट्रार साहेबांपुढे नंबर लागला. मागच्या वेळी ती टांग्यातून उतरली नव्हती, आज पहिल्यांदाच त्या खोलीत शिरली. साहेब तरुण होते, बदलून आलेले. त्यांनी विचारलं, “ही बाई तीच, हे ओळखणारं कोण आहे?”

रुख्मा पुढे झाली. साहेब म्हणाले, “मी ओळखत असेन असं माणूस पाहिजे.” दुलीचंद म्हणाला, “मी आजच पाहिलं साहेब, खोटं कसं सांगू?” आमगावच्या कोणा प्रतिष्ठिताला घेऊन उद्या या, असं ठरू लागलं. आणि तिथला बाबू दुसरी वही उलटता उलटता सहज म्हणाला, “या बाईच्या जमिनीचा तर उद्या विक्रीचा दस्त यायचा आहे.”

जमुनाबाई टेबलापाशी गेली. “साहेब, मागं तुमच्या वहीत माझा अंगठा घेतला होता. ती वही आहे का?”

“वही असतेच.”

“तं मंग माणूस कायले पाह्यजे? अंगठा पाहा.”

तिनं डावा अंगठा त्यांच्यापुढे धरला. लहानपणी धान कापताना विळा लागून त्यावर एक खूण राहिली होती, पेरापासून नखापर्यंत तिरकी. साहेबांनी पंचावन्न सालची अंगठ्यांची वही मागवली. पान सापडायला वेळ लागला. सापडलं तेव्हा भिंग न लावताही दिसत होतं : निळ्या रेघांमधून तिरकी गेलेली पांढरी रेघ. साहेबांनी तिला नवीन कागदावर अंगठा द्यायला लावला, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिलं.

“पुरे,” ते म्हणाले. “याहून चांगला ओळखदार कोण आणणार?”

त्यांनी स्वतः तो कागद तिला पुन्हा वाचून दाखवला. कोणाचा दबाव आहे का, विचारलं. “नाई जी,” ती म्हणाली. शिक्का बसला. तो आवाज रुख्माला इतका आवडला की ती मोठ्यानं हसली, आणि कचेरीत हसू नये हे आठवून गप्प झाली.

साहेबांनी जाताना बजावलं, “बाई, कागद झाला म्हणजे संपलं नाही. मुखत्याराला कळवायला हवं, आणि घेणाऱ्यालाही. त्यांना माहीत नसताना त्यांनी काही केलं तर वांधा होईल. रजिस्टर टपालानं नोटीस पाठवा.”

“टपाल कधी पोचन?”

“दोन-तीन दिवस.”

“मी आताच पोचतो,” जमुनाबाई म्हणाली.

मुन्नालालची पेढी वाटेत होती, तिथं ती आधी गेली. सेठ गादीवर बसला होता. दुलीचंदनं करून दिलेली नक्कल तिनं पुढे केली. त्यानं ती दोनदा वाचली. माणूस व्यवहारी होता, चिडला नाही. सौदा अजून बोलीवरच होता.

“ठीक आहे बाई. मुखत्यार नाही, मालकीणच समोर आहे. मग तुमच्याशीच बोलतो. द्यायची का जमीन?”

“नाई.”

“जास्त देईन.”

“देताल जी. पन नाई.”

तिथून खेमराजचं घर. दार प्रेमिलानं उघडलं. अशी अचानक आई आलेली पाहून तिला आनंद झाला, आणि मग आईचा चेहरा पाहून भीती वाटली. खेमराज जेवायला घरी आलेला होता. जमुनाबाईनं त्याचं जेवण होऊ दिलं. पाणी प्यायली. मग कागद त्याच्या हातात दिला.

वाचताना त्याचा चेहरा लाल झाला. “मामीजी, मी चोर आहे का?”

“चोर म्हनलं नाई.”

“अडीच वर्षं मी तुमच्यासाठी तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्या. आणि हे? बाजारात मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मी ते माझ्यासाठी करत होतो का? आज ना उद्या सगळं प्रेमिलाचंच आहे.”

“उद्याचं उद्या, जवाईबापू. आज माझं आहे.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुमी चांगलं केलं तवा मी गावभर सांगतलं. आता मले इचारलं काऊन नाई?”

खेमराज कागदाची घडी घालू लागला.

“लांबी इकून मिल होते, चांगलं आहे. पन बोडीचं पानी लांबीतून खाली उतरते. आंबेवाली, डोबी अन खारी, तिन्ही तिच्यावर आहेत. लांबीवर भित उभी राह्यली का खालच्या तिन्ही बांध्या पहिल्या सालीच वाळतात. एक इकली म्हनता, चार जात होत्या. हे तुमाले म्हाईत होतं का?”

त्याला माहीत नव्हतं. त्यानं त्या बांध्या नकाशात पाहिल्या होत्या. तो उठला, टोपी घातली आणि बाहेर निघून गेला.

प्रेमिला रडू लागली. “माय, आता मले काय काय आयकाव लागन!”

जमुनाबाईनं तिला जवळ घेतलं. “आयकाव लागन थोडंसं. पन तुह्या मायनं लपून काई नाई केलं. त्याच्या घरी येऊन, त्याच्या हाती देलं. हे तू सांगशीन त्याले.”

संध्याकाळच्या गाडीनं दोघी परतल्या.

गावात तिनं आणखी एक गोष्ट केली, जी आजही सांगितली जाते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं कोतवाल बकारामला बोलावलं आणि दवंडी द्यायला लावली. बकाराम घाबरला. बाईच्या नावानं अशी दवंडी त्यानं कधी दिली नव्हती, शब्दही जमेनात. तेव्हा ती स्वतः त्याच्यासोबत निघाली. प्रत्येक चौकात बकाराम डफडं वाजवायचा, अडखळायचा, आणि ती मागून सांगायची, “आजपासून जमुनाबाई टेंभरेच्या जमिनीचा मुखत्यार कोनी नाई. जे इचाराचं ते तिलेच इचारा.” लोक दारात आले. काही हसले. पटवारी गावातच होता, तोही ऐकत उभा राहिला. तिनं त्याच्याकडे पाहून रामराम केला.

त्यानंतर खेमराज दोन वर्षं हर्राटोल्यात आला नाही. ही दोन वर्षं सोपी नव्हती. दिवाळीला प्रेमिला आली ती एकटीच, दोन दिवसांत परत गेली. जमुनाबाई आंबेवालीच्या धुऱ्यावर बसून कधी कधी एकटीच बोलायची, असं रुख्मा सांगे. पण तिनं अर्धेलीच्या बांध्या मुदत संपल्यावर परत घेतल्या, बोडीची पाळ भरून काढली, आणि एकोणसाठच्या हंगामात लांबीपासून खारीपर्यंत चारही बांध्यांत पाणी असं उभं राहिलं की आमगावचे लोक पाहायला आले. मुन्नालालनं मिल रेल्वे लाइनच्या पलीकडे दुसऱ्या जागेत बांधली. पहिल्या वर्षीचं जमुनाबाईचं चिन्नोर त्यानं त्याच मिलमध्ये भरडून दिलं.

साठ सालच्या उन्हाळ्यात एक दिवस खेमराज बंडीतून उतरला. सोबत त्याची धाकटी बहीण होती, सुशिला. तिचा नवरा वर्षापूर्वी वारला होता आणि दीर कुलमुखत्यारपत्रासाठी मागे लागले होते. अंगणात उभं राहून, पायातल्या जोड्याकडे पाहत खेमराज म्हणाला,

“मामीजी, हिला मी म्हटलं, सही करायच्या आधी माझ्या सासूबाईंना भेट. गोंदियात यांच्यासारखा वकील नाही.”

जमुनाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. जावयाला पाट दिला, पाणी दिलं, प्रेमिला कशी आहे विचारलं. डोळे भरून आले होते, ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं. मग ती सुशिलापुढे बसली.

“काम कोनतं आहे तुहं?”

“फेरफाराचं. तहसिलीतलं.”

“तं तेवढ्याच कामाचं लिहून दे. काम झालं का कागद मेला, असंही त्याच्यातच लिवाले सांग. इकाची, गहानाची गोष्ट आली तं हात मांगं घे. अन वाचल्याबिगर अंगठा देऊ नको. एकडाव नाई समजलं तं दोनडाव वाचाले लाव, लाजाचं नाई.”

“दीर रागावले तर?”

“रागावतीन,” जमुनाबाई म्हणाली. तिनं खेमराजकडे पाहिलं आणि तो चक्क हसला. “रागावतीन, मंग राग उतरते. चल, ऊन उतरलं. तुले बांध्या दाखवतो.”

आणि पुढे ती, मागे सुशिला, सगळ्यात मागे खेमराज, असे तिघं बोडीच्या पाळीकडे निघाले.